खुब्याचे डॉक्टर : सर जॉन चार्नली



आपल्या वर्गातल्या बहुतेकांना माझी आई ठाऊक आहे. गणपतीत मोदकांना कळ्या कशा पाडायच्या ते मुलांना शिकवणारी, आणि ज्याचा मोदक फुटेल त्याला तोच खायला लावणारी आजी, ती हीच. गेल्या हिवाळ्यात ती आमच्या न्हाणीघरात पाय घसरून पडली. तिला उठवायला गेले तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले होते. मांडीच्या हाडाची मान मोडली होती.

रुग्णवाहिकेत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, की आता माझे झाले. तिला तसे वाटण्याला कारण होते. तिची आत्या कोकणात अशीच अंगणात पडली होती. ती साल होती १९६२. आत्याबाईंना खाटेवर निजवले, पायाला विटा बांधून ताण दिला, आणि त्या खाटेवरून पुन्हा उठल्या नाहीत. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला, आणि तीन महिन्यांत सगळे संपले. आमच्या घरी खुबा मोडणे म्हणजे शेवट, असाच अर्थ होता.

इथे मात्र दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक धिप्पाड फिजिओथेरपिस्ट येऊन आईला वॉकर धरून उभे करून गेला. आईचा विश्वास बसेना. माझ्या मुलीने डॉक्टरांना विचारले, की आजीच्या पायात तुम्ही काय घातले? त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले आणि जाता जाता म्हणाल्या, की ही गोष्ट इथूनच फार लांब नसलेल्या एका इस्पितळात घडलेली आहे, चार्नली हे नाव शोधा. माझी पदवी मेकॅनिकलची, पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरते. त्यामुळे शोधायला लागले आणि त्यातच गुंतले. आपला वर्ग भरतो तिथून ते राइटिंग्टन गाव मोटारीने पाऊण तासावर आहे. एम-सिक्स रस्त्याने जाताना आपण सगळेच त्याच्या शेजारून गेलेलो आहोत. त्या इस्पितळातल्या सर जॉन चार्नली या माणसाची ही गोष्ट.

आधी थोडे शरीरशास्त्र, कंटाळू नका. कोपर हा बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडतो. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. गोळा आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा भाग तिरका आणि बारीक असतो. त्याला म्हणायचे मान. म्हातारपणी हाडे विरविरीत झाली की साध्या पडण्याने ही मान मोडते. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा बहुतेक त्या मानेवरूनच वर जातात. मान मोडून हलली की शिराही तुटतात. मग हाड जुळवून खिळा मारला तरी पुष्कळदा गोळा उपाशी राहून मरतो आणि वर्षा-दोन वर्षांत ढासळतो.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी मँचेस्टरजवळच्या बेरी गावात झाला. (स्पेलिंग पाहून आमची पाहुणे मंडळी बुरी म्हणतात. इथले लोक बेरी म्हणतात.) वडिलांचे औषधांचे दुकान, आई परिचारिका. घर खाऊनपिऊन सुखी पण श्रीमंत नव्हे. बेरीच्याच ग्रामर स्कूलमध्ये शिकून जॉन मँचेस्टरला वैद्यकीच्या शिक्षणाला गेला, १९३५ मध्ये डॉक्टर झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शल्यचिकित्सकांची एफ.आर.सी.एस. ही मोठी परीक्षा उत्तीर्ण झाला. इतक्या लहान वयात ती फार थोड्यांना जमते.

मग दुसरे महायुद्ध आले. चार्नली सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि पुढे त्यांची नेमणूक कैरोला झाली. तिथे त्यांना एक मनासारखी गोष्ट मिळाली, ती म्हणजे सैन्याची यंत्रशाळा. मोडक्या पायांच्या सैनिकांसाठी लागणाऱ्या पट्ट्या, आधार, अवजारे ते तिथल्या कारागिरांच्या शेजारी उभे राहून बनवून घेऊ लागले. लेथ कसा चालतो, धातू कुठे वाकतो आणि कुठे तुटतो, हे त्यांनी हाताने शिकून घेतले. युद्धाहून परतल्यावर त्यांनी घरी स्वतःचा लेथ घेतला. आपल्याकडे डॉक्टर झाला की मुलाने हातोडी धरू नये अशी समजूत असते. माझ्या माहेरी तर फ्यूज बदलायलाही माणूस बोलवायचे.

युद्धानंतर ते काही महिने ऑस्वेस्ट्री गावच्या हाडांच्या इस्पितळात होते. तिथे त्यांनी एक अचाट प्रकार केला. हाडाचा तुकडा दुसऱ्या हाडावर लावला तर तो कसा रुजतो हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याला गळ घालून स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखम चिघळली, हाडात पू झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. सांगायचे कारण, हा खोडसाळपणा त्यांनी पुढेही सोडला नाही.

१९४७ मध्ये ते मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत हाडांचे तज्ज्ञ म्हणून परतले. १९५० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, शस्त्र न चालवता प्लॅस्टर आणि हातांच्या कौशल्याने मोडलेली हाडे कशी बसवायची यावर. ते पुस्तक अजूनही हाडांचे डॉक्टर वाचतात. म्हणजे ज्या माणसाने पुढे खुबे कापून नवे बसवले, त्याचे पहिले नाव झाले ते न कापण्याबद्दल. मोडलेल्या मानेचा प्रश्नही त्यांच्यासमोर रोजच येत होता. अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ पासून तीन पंखांचा खिळा मारून मान जोडायला सुरुवात केली होती. चार्नलींनी त्याच्या पुढे जाऊन स्प्रिंग असलेला स्क्रू तयार केला. हाडाची टोके झिजून जवळ आली तरी स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरील, अशी कल्पना. १९५७ मध्ये त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर त्याचे निष्कर्ष छापले. स्क्रू चांगला होता. पण मेलेल्या गोळ्याला स्क्रू तरी काय करणार?

मग गोळाच बदलला तर? हा विचार करणारे ते पहिले नव्हेत. जर्मनीत ग्लुक नावाच्या डॉक्टरांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी १९४० मध्ये बोलमन यांच्यासह धातूचे वरचे टोक बसवले आणि पुढे १९५० च्या दशकात गोळा, दांडा आणि दांड्यात भोके असा आपला प्रसिद्ध सांधा केला. भोकांतून हाड वाढून दांडा पकडून ठेवील अशी अपेक्षा. आपल्याकडच्या इस्पितळांतून हा सांधा कित्येक दशके हजारो आजी-आजोबांना बसवला गेला. तुमच्या घरात कुणी ऑस्टिन मूर हे नाव ऐकले असेल तर ते यामुळेच. पॅरिसमध्ये ज्युडेट बंधूंनी १९४६ पासून अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा वापरला. पण हे गोळे हलत, झिजत, दुखत.

आणि इथेच आपल्या गोष्टीतला कुरकुरणारा माणूस येतो. चार्नलींकडे एक रुग्ण आला, त्याच्या खुब्यात ज्युडेटचा प्लॅस्टिकचा गोळा होता. जेवायच्या टेबलावर तो मीठ घ्यायला पुढे वाकला की खुब्यातून कर्रर्र असा आवाज येई. इतका, की त्याची बायको वैतागून खोलीबाहेर निघून जाई. दुसरा कुणी असता तर हसून विसरला असता. चार्नली विसरले नाहीत. न तेल दिलेली बिजागरी कुरकुरते तेव्हा ती काय सांगत असते? घर्षण फार आहे. गोळा वाटीत इतका घट्ट घासत असेल तर तो फिरण्याऐवजी हाडातल्या दांड्यालाच खेचून सैल करत असणार.

म्हणून त्यांनी मुळापासून सुरुवात केली. निसर्गाचा सांधा इतका गुळगुळीत कसा? त्या वेळचा समज असा, की सांध्यातला द्रव इंजिनातल्या तेलासारखा दोन पृष्ठभागांत शिरून त्यांना वेगळे ठेवतो. चार्नलींनी मोजमापे घेतली. मोटारीच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर टिकतो कारण आस भराभर फिरत असतो. माणूस चालतो तेव्हा सांधा हळू हलतो, थांबतो, उलट फिरतो, आणि वरून अंगाचा भार. अशा वेळी तेल निसटून जाणार. निरोगी सांध्याचे घर्षण त्यांनी मोजले तर ते बर्फावर घसरणाऱ्या लोखंडी स्केटपेक्षाही कमी भरले. त्यांचा निष्कर्ष असा, की गुण तेलात नाही, कूर्चेच्या पृष्ठभागातच आहे. (पुढच्या इंजिनियरांनी दाखवले की सत्य दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. पण त्यांच्या कामापुरते ते पुरेसे बरोबर होते.) म्हणजे कृत्रिम सांध्यात कूर्चा नसेल तर निदान एक पृष्ठभाग स्वतःच निसरडा असला पाहिजे. तेव्हा जगातला सगळ्यात निसरडा पदार्थ होता टेफ्लॉन, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच.

दुसरा प्रश्न दांडा हाडात बसवण्याचा. मँचेस्टरच्या दंतवैद्यकीय शाळेतल्या डेनिस स्मिथ यांनी त्यांना कवळीच्या कामातले आपोआप घट्ट होणारे अॅक्रिलिक सुचवले. भुकटीत द्रव मिसळायचा, कणकेसारखा गोळा होतो, तो हाडाच्या पोकळीत भरायचा, त्यात दांडा खुपसायचा आणि तो घट्ट होईपर्यंत हलू द्यायचा नाही. घट्ट होताना तो चांगला गरम होतो, आणि काही मिनिटांत दगड. १९५८ मध्ये चार्नलींनी ते प्रथम वापरले. लोक त्याला सिमेंट म्हणतात म्हणून गोंदासारखे चिकटत असेल असे वाटते. तसे नाही. मांडवाचा खांब खड्ड्यात उभा करून भोवती दोन-चार दगड ठोकले तर तो त्या दोन-चार ठिकाणीच टेकतो आणि वाऱ्याने हलत हलत सैल होतो. तोच खड्डा काँक्रीटने भरला तर भार सगळीकडे वाटला जातो. सिमेंटचे काम ते. गंमत पाहा, गोळा म्हणून जे प्लॅस्टिक नापास झाले होते त्याच जातीचे प्लॅस्टिक भराव म्हणून उत्तम पास झाले.

तिसरी गोष्ट गोळ्याच्या आकाराची, आणि इथे मला इंजिनियर म्हणून टाळी वाजवाविशी वाटली. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधे असता तर जाते फिरवताना दम निघाला असता. कडेला थोड्या जोराने जास्त पीळ मिळतो. आता उलटा विचार करा. घर्षणाने वाटीला पीळ बसू नये असे वाटत असेल, तर घर्षण मध्यबिंदूच्या जवळ आणा, म्हणजे गोळा लहान करा. माणसाचा खरा गोळा पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटरचा असतो. चार्नली टप्प्याटप्प्याने खाली येत येत २२ मिलिमीटरवर, म्हणजे एका इंचाच्या सात अष्टमांशावर आले. गोळा लहान झाल्याने प्लॅस्टिकची वाटीही जाड करता आली. दिसायला तो सांधा निसर्गाच्या सांध्यासारखा मुळीच दिसत नाही. त्याचे चार्नलींना काही वाटले नाही.

या कामासाठी त्यांना जागा हवी होती. राइटिंग्टनचे इस्पितळ मूळचे क्षयरोग्यांचे. स्ट्रेप्टोमायसिन आणि इतर औषधे आल्यावर क्षयाचे रुग्ण कमी झाले, खाटा रिकाम्या पडू लागल्या. मँचेस्टरमधली मानाची जागा सोडून चार्नली या आडगावी आले आणि १९६१ पर्यंत तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र उभे केले. सोबतीला हॅरी क्रेव्हन नावाचा एक तरुण यंत्र-कारागीर. दोघांनी मिळून तिथे कार्यशाळा थाटली. सुरुवातीच्या कित्येक वाट्या या कार्यशाळेत आणि चार्नलींच्या घरच्या लेथवर तयार झालेल्या आहेत. १९५७ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले होते. पत्नी जिल. पुढे एक मुलगा आणि एक मुलगी झाली. लेथ मात्र घरातच राहिला.

टेफ्लॉनचे सांधे अप्रतिम चालले. वर्षानुवर्षे कण्हत असलेली माणसे काठी टाकून चालू लागली. सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवले गेले. कुणीही म्हणेल, झाले, जिंकले.

दोन-तीन वर्षांनी ती माणसे परत येऊ लागली. धातूचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत खोल खोल रुतत चालला होता. टेफ्लॉन निसरडा खरा, पण झिजतोही झपाट्याने, आणि झिजून निघालेली भुकटी आजूबाजूच्या मांसात बसून तिथे गाठी करते, हाड खाते, सांधा सैल करते. एकामागून एक ते सांधे पुन्हा उघडून काढावे लागले. ज्या माणसांनी विश्वासाने आपले पाय त्यांच्या हाती दिले होते त्यांनाच पुन्हा टेबलावर घ्यायचे, आणि बदल्यात बसवायला अजून काही चांगले हाती नाही. मी स्वतः चुकीचा प्रोग्रॅम ग्राहकाला पाठवून रविवारची रात्र ऑफिसात काढलेली आहे. ती चूक एक टेप पाठवून दुरुस्त झाली. इथे तीनशे माणसे होती.

चार्नलींनी हे लपवले नाही. उलट ती भुकटी माणसाच्या अंगात नक्की काय करते हे पाहायला त्यांनी टेफ्लॉनचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. बोटाला लागतील अशा गाठी झाल्या. नडगीची अद्दल विसरले होते बहुधा.

आता १९६२ सालचा मे महिना. ज्या साली आमची आत्याबाई खाटेवर पडून होती, तेच साल. राइटिंग्टनला एक विक्रेता आला. त्याच्याकडे एका नव्या प्लॅस्टिकचे दातेरी चाक होते. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मागांवर अशी चाके बसवीत. पदार्थाचे नाव उच्च घनतेचे, अति-लांब साखळ्यांचे पॉलिथिलीन. बादल्या आणि पिशव्या ज्याच्या असतात त्याचा थोरला, बलदंड भाऊ म्हणा. क्रेव्हनने तुकडा ठेवून घेतला आणि चार्नलींना दाखवला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि हे काही कामाचे नाही अशा मुद्रेने निघून गेले. त्यानंतर ते कोपनहेगनला एका परिषदेला गेले.

क्रेव्हनने काय केले? साहेब नाही म्हणाले होते. तरी त्याने तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवडे यंत्र चालले, आणि झीज किती? टेफ्लॉन एका दिवसात जितका झिजला असता तितकीही नाही. साहेब परत आल्यावर क्रेव्हनने त्यांना यंत्रापाशी नेले. चार्नलींनी आकडे पाहिले आणि आपले मत तिथल्या तिथे बदलले. मुलांनो, माझ्या मते या सगळ्या गोष्टीत हा हॅरी क्रेव्हन फार महत्त्वाचा. त्याच्या नावाचा सांधा नाही, त्याला पदवी मिळाली नाही. पण त्या दिवशी त्याने ते यंत्र सुरू केले नसते तर?

चार्नलींनी पॉलिथिलीनचे कणही स्वतःच्या मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनसारख्या गाठी आल्या नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिल्या रुग्णाला पॉलिथिलीनची वाटी आणि स्टीलचा २२ मिलिमीटरचा गोळा बसवला गेला. पण आता दुधाने तोंड पोळले होते, ताकही फुंकून प्यायचे होते. धातूचे भाग करणाऱ्या लीड्सच्या थॅकरे कंपनीला त्यांनी निक्षून सांगितले की हा सांधा सरसकट विकायचा नाही. ज्याला हवा असेल त्या सर्जनने राइटिंग्टनला यावे, शस्त्रक्रिया पाहावी, शिकावी, मगच त्याला सांधा मिळेल. काही वर्षे हा दंडक चालला. पुष्कळ मोठ्या लोकांना त्याचा राग आला. चार्नली स्वभावाने तापट होते आणि कुणाचा राग सांभाळत बसणारे नव्हते. चार ते सात वर्षे चाललेल्या सांध्यांचा सविस्तर हिशेब त्यांनी १९७२ मध्ये छापला, दहा वर्षांनी.

या सावधगिरीचा आणखी एक भाग म्हणजे जंतू. परकी वस्तू अंगात ठेवली आणि तिच्यावर जंतू बसले की औषध तिथवर पोचत नाही, सांधा काढावाच लागतो. सुरुवातीला त्यांच्या शंभर रुग्णांतल्या सात-आठ जणांच्या जखमा अशा चिघळत. जंतू हवेतून येत असणार असे धरून त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचघरासारखी एक खोली उभारली आणि तिच्यात वरून गाळलेली हवा सोडली. हवा गाळण्याचे काम त्यांना करून दिले ते हॉवर्थ यांनी. त्यांची कंपनी या भागातल्या सूतगिरण्यांना हवा पुरवणारी! पुढे सर्जन आणि मदतनीसांना डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख आले, त्यांचा उच्छ्वास नळीने बाहेर ओढला जाई. त्या काळची छायाचित्रे पाहा, चंद्रावर निघालेली मंडळी वाटतात. अनेकांनी थट्टा केली. पण चिघळण्याचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. १९८२ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या, सुमारे आठ हजार शस्त्रक्रियांवरच्या मोठ्या पाहणीतही स्वच्छ हवेचा फायदा दिसून आला. शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक औषधांचाही त्यात मोठा वाटा निघाला, हेही सांगितले पाहिजे. चार्नली हवेवर जितका भर देत तितका औषधांवर देत नसत.

मानसन्मान नंतर भराभर आले. १९७४ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. रॉयल सोसायटीत सर्जन मंडळी विरळाच. ५ ऑगस्ट १९८२ रोजी चार्नली वारले, सत्तर वर्षांचे होते.

त्यांनी मागे ठेवलेली एक व्यवस्था मला फार विलक्षण वाटते. रुग्ण बरा होऊन घरी निघाला की चार्नली त्याला विचारीत, की तुम्ही जेव्हा जाल तेव्हा हा सांधा आम्हाला तपासायला परत द्याल का? आपल्याकडे हा प्रश्न बरे होऊन निघालेल्या माणसाला कुणी विचारला तर काय होईल, कल्पना करा! पण बहुतेक रुग्णांनी आनंदाने सह्या केल्या. वीस-वीस वर्षे चाललेल्या वाट्या अशा परत येत राहिल्या, आणि त्यांवर प्रत्यक्ष मोजून कळले की पॉलिथिलीन वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके झिजते. पुढे हेही दिसले की पॉलिथिलीनची भुकटीसुद्धा अगदीच निरुपद्रवी नाही, फार वर्षांनी तीही हाड पोखरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणांचा मारा करून साखळ्या एकमेकींत गुंफलेले पॉलिथिलीन वापरात आले. ते बरेच कमी झिजते.

आता आईच्या पायाकडे येऊ. मुलीने विचारले, की आजीला चार्नलींचा सांधा बसवला का? पूर्ण नाही. संधिवाताने गोळा आणि वाटी दोन्ही खराब होतात, म्हणून तिथे दोन्ही बदलतात. आईची वाटी चांगली होती, मोडली होती फक्त मान. अशा वयस्कर रुग्णांना पुष्कळदा अर्धा सांधा बसवतात, म्हणजे धातूचा मोठा गोळा आणि दांडा, आणि वाटी देवाने दिलेली तीच. माणूस चांगला हिंडता-फिरता असेल तर मान मोडल्यावरही पूर्ण सांधा बसवतात. आईचे वय आणि हृदय पाहून डॉक्टरांनी अर्धा ठरवला. पण तिच्या हाडात दांडा धरून ठेवला आहे तो सिमेंटने, १९५८ च्या त्या कवळीच्या कणकेने. मधल्या काळात सिमेंटशिवाय बसणारे दांडे पुष्कळ निघाले, तेव्हा सिमेंट आता जुने झाले की काय अशी मला शंका आली. म्हणून विचारले. मोडलेल्या मानेच्या बाराशेहून जास्त रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यांत सिमेंटवाल्यांची तब्येत चार महिन्यांनी बरी निघाली आणि दांड्याभोवती हाड पुन्हा तडकण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते.

आम्ही एका शनिवारी आईला मोटारीतून राइटिंग्टनला नेऊन आणले. बाहेरूनच पाहिले, साधे विटांचे इस्पितळ आहे. आई मोटारीतून उतरली, काठी टेकत फाटकापर्यंत गेली आणि तिथे तिने हात जोडले. रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहिले. मुलगी जरा लाजली, मग तिनेही जोडले.

येत्या ऑक्टोबरात आई पुण्याला परत जाईल. खाली मांडी घालून बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हा भावाने न्हाणीघरात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आहे, आणि देवघरापुढे पाटाऐवजी उंच स्टूल ठेवले आहे. देवच खुर्चीच्या उंचीवर आणावेत की आपण स्टुलावरून वाकून पूजा करावी, यावर फोनवर दोघांचा वाद चालू आहे.